योजनेची घोषणा झाली, मग फॉर्म कुठे भरायचा? आधी कागद शोधायला शिका

बजेटच्या दिवशी टीव्हीवर घोषणा झाली की संध्याकाळपर्यंत मला दहा जणींचे तरी फोन येतात, ताई फॉर्म कुठे मिळतो, आणि दरवेळी मी एकच सांगते, थांबा जरा, अजून कागद निघालेला नाही. मी तालुक्याच्या गावी राहते, गेली काही वर्षं विधवा बायका, टाकलेल्या बायका, म्हातारी माणसं यांचे पेन्शनचे अर्ज भरून देते, तहसीलच्या आवारात बसून. तिथे बसून एक गोष्ट कळली, ती म्हणजे सरकारची योजना हा एकच निर्णय नसतो, ती कागदांची साखळी असते. आणि आपलं काम कुठल्या कागदापाशी अडलंय हे कळलं की कोणाला विचारायचं ते आपोआप कळतं. नाहीतर माणूस वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि शेवटी नशिबाला दोष देतो.

तर महाराष्ट्रात राज्य सरकार समाजकल्याणाची योजना कशी बनवतं, कशी चालवतं आणि आपण त्यात कुठे बोलू शकतो, ते जसं मला समजलंय तसं लिहिते.

आधी बघा, हे राज्याचं आहे का केंद्राचं

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, अपंग आणि काम करू न शकणाऱ्या माणसांना मदत हेही राज्याकडे. सामाजिक सुरक्षा दोघांच्या यादीत आहे, शिक्षण आधी राज्याकडे होतं ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर दोघांकडे गेलं. हे पुस्तकी वाटेल पण रोजच्या कामात याचा उपयोग होतो. आपल्याकडे म्हातारपणाची पेन्शन बघा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून केंद्राचे २०० रुपये येतात, ८० च्या पुढे ५००, आणि बाकीची भर राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून पडून १५०० होतात. म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाच्या पासबुकात दोन सरकारांचा पैसा आहे. रक्कम कमी आली तर "पैसे कमी का आले" असं विचारू नका, "कुठला हिस्सा आला नाही" असं विचारा.

धोरण वेगळं, कायदा वेगळा, योजना वेगळी

लोक हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच गडबड होते. धोरण म्हणजे सरकारने सांगितलेली दिशा. महाराष्ट्राने १९९४ ला महिला धोरण आणलं, असं धोरण आणणारं हे देशातलं पहिलं राज्य, पण धोरण दाखवून तुम्ही तहसीलदाराकडे हक्काने काही मागू शकत नाही. योजना जीआरने निघते, म्हणजे शासन निर्णयाने, आणि एका जीआरने निघालेली योजना दुसऱ्या जीआरने बदलते किंवा बंदही होते, विधानसभेत मतदान लागत नाही. कायदा मात्र बदलायचा तर दोन्ही सभागृहांत जावं लागतं, आणि तो मोडला तर कोर्टात जाता येतं.

यातला फरक समजून घ्यायचा असेल तर रोजगार हमीची गोष्ट माहीत असायलाच हवी, मला तरी आपल्या राज्याने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या कल्पनेतून १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग झाला, जो काम मागेल त्याला काम. मग १९७२ ला योजना सुरू झाली आणि त्याच वेळी तो भयंकर दुष्काळ पडला, १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून खडी फोडायची आणि कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची आठवण काढतात. दुष्काळ सरला, पण योजना गुंडाळली नाही. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेरोजगार भत्ता. ती मेहेरबानी होती, आता हक्क झाला. पुढे २००५ ला केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा डोळ्यासमोर हाच नमुना होता.

आणि पैसा कुठून आला? तुम्ही महाराष्ट्रात नोकरीला असाल तर पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५०० होतात. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायलाच. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून थोडं थोडं काढून गावाकडच्या मजुराच्या हाताला काम, आणि करातून जेवढे जमतील तेवढेच सरकारने आपल्याकडून घालायचे. कुठलीही नवी योजना आली की मी हेच तपासते, मागे कायदा आहे का, आणि पैशाची स्वतःची वाट आहे का. दोन्ही नसेल तर ती योजना पुढच्या बजेटपर्यंतचीच समजायची.

मंत्रालयात फाईल कशी फिरते

हे थोडक्यात सांगते. विभागात एक कार्यासन असतं, म्हणजे डेस्क. तिथे टिप्पणी लिहिली जाते, ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांकडे जाते. पैसा लागणार असेल तर वित्त विभाग, कायद्याचा प्रश्न असेल तर विधी व न्याय, मोठा विषय असेल तर मंत्रिमंडळासमोर. मंत्रिमंडळाने हो म्हटलं तरी पेपरात येणारी बातमी म्हणजे जीआर नव्हे, मधे दिवस जातात, कधी महिने.

फाईल अडून राहू नये म्हणून राज्यात २००५ चा कायदा आहे, बदल्यांचा आणि दिरंगाईचा, बऱ्याच जणांना तो फक्त बदल्यांसाठी माहीत असतो. त्यात म्हटलंय की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल कामाचे सात दिवस उलटून पडून राहता कामा नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, पाठवावी लागली तर तीन महिन्यांत. अर्जात या कायद्याचं नाव लिहा, "महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५", भाषा नम्र ठेवा, पण नाव लिहाच.

जीआर कसा वाचायचा, हे नीट वाचा

सरकारच्या वेबसाईटवर शासन निर्णयांचं वेगळं पान आहे, विभाग आणि तारीख टाकली की पीडीएफ मिळते. व्हॉट्सॲपवर आलेला जीआर खरा का खोटा हे ओळखायचं तर शेवटचा परिच्छेद बघा, तिथे लिहिलेलं असतं की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा सांकेतांक अमुक आहे, तो लांबलचक नंबर सर्चमध्ये टाकायचा. सापडला नाही तर पुढे फॉरवर्ड करू नका.

आता कागद वरून खाली वाचू. सगळ्यात वर विषय, विभागाचं नाव, मग नंबर. नंबरात "प्र.क्र." असतं म्हणजे प्रकरण क्रमांक, तीच मंत्रालयातली फाईल, आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन कार्यासनाचं नाव असतं. हे दोन्ही वहीत उतरवून घ्या, कारण पत्र लिहिताना किंवा माहिती अधिकारात अर्ज टाकताना "लाडकी बहीण योजनेबद्दल" असं लिहिलं तर ते इकडून तिकडे फिरतं, प्रकरण क्रमांक आणि कार्यासन लिहिलं तर थेट त्या टेबलावर पडतं.

मग "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून आधीच्या जीआरची यादी असते. लोक ही यादी सोडून देतात, मी तिथूनच सुरुवात करते, कारण योजनेचा सगळा इतिहास तिथे आहे आणि नवा जीआर बऱ्याचदा एकच ओळ बदलतो, बाकी अटी जुन्याच कागदात असतात. मग प्रस्तावना, ती भराभर वाचली तरी चालेल. मग "शासन निर्णय", इथे पेन घेऊन बसा. पात्रता कोणती, अपात्रता कोणती (ती वेगळी लिहिलेली असते आणि माणसं तिथेच बाद होतात), कागदपत्रं कोणती, अर्ज कोण घेणार, मंजुरी कोण देणार, तक्रार कोणाकडे. "करावे" लिहिलंय का "करता येईल" लिहिलंय हेही बघा, पहिल्यात अधिकाऱ्याला पर्याय नाही, दुसऱ्यात आहे.

अगदी खाली येऊन दोन ओळी शोधायच्या. एक, "वित्त विभागाच्या सहमतीने", सोबत अनौपचारिक संदर्भ क्रमांक. पैशाच्या योजनेच्या जीआरमध्ये ही ओळ नसेल तर मला तरी काळजी वाटते. दुसरी, "खर्च अमुक लेखाशीर्षाखाली भागवावा", याच्याबद्दल खाली बोलते. शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने", सही, आणि "प्रत" म्हणजे हा कागद कोणाकोणाला पाठवला त्याची यादी. ही प्रतीची यादी फार कामाची आहे. एका कार्यालयात मला सांगितलं गेलं की असा जीआर आमच्याकडे आलेलाच नाही, मी शेवटचं पान काढून त्यांच्याच पदाचं नाव दाखवलं, आवाज न चढवता, आणि अर्ज घेतला गेला.

शुद्धीपत्रक, पूरक पत्र, परिपत्रक हे शब्दही माहीत असू द्या, शुद्धीपत्रक म्हणजे आधीच्या जीआरमधली दुरुस्ती, पूरक पत्र म्हणजे त्यात घातलेली भर, परिपत्रक म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना. लाडकी बहीणचा पहिला जीआर २८ जून २०२४ चा, त्याच दिवशी अजित पवारांनी विधानसभेत बजेट मांडलं होतं. सेतू केंद्रांवर दाखल्यांसाठी रांगा लागल्या आणि थोड्याच दिवसांत अटी बदलल्या, वयाची मर्यादा ६० ची ६५ झाली, पाच एकर शेतीची अट गेली, घरातल्या एका अविवाहित मुलीला जागा मिळाली, अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालू लागला, पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. पहिलाच कागद वाचून "आपलं बसत नाही" म्हणून ज्या बायका घरी बसल्या त्यांचं नुकसान झालं असतं. म्हणून जीआर वाचला की महिनाभराने पुन्हा शोधायचा, नवीन काही निघालंय का.

अट कोण ठरवतं आणि ती का बोचते

संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. विधवा, अपंग, दुर्धर आजाराची माणसं, ज्यांना कोणी नाही अशांसाठी. महिन्याची रक्कम २०१९ ला ६०० ची १००० झाली, २०२३ ला १५०० झाली. पण उत्पन्नाची अट, अपंगांची सोडली तर, कित्येक वर्षं तीच राहिली, कुटुंबाचं वर्षाचं २१,००० रुपये. भागून बघा, दिवसाला ५८ रुपयेही होत नाहीत, आणि ते सगळ्या कुटुंबाचे. शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला एका दिवसाची मजुरी याहून जास्त मिळते, तरी तिला २१,००० च्या आतला दाखला आणावा लागतो. मग एकतर ती खरं सांगून बाद होते, नाहीतर दाखल्यासाठी कोणाच्या तरी पाया पडते. आणि लाडकी बहीणला तीच १५०० ची रक्कम पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दोन योजना, दोन विभाग, दोन वेगवेगळ्या फाईली, आणि निराधार बाईसाठीच दरवाजा अरुंद. मला हे अजिबात पटत नाही आणि मी ते प्रत्येक निवेदनात लिहिते.

आकडा कुठून येतो ते ओळखायला शिका. रक्कम वाढवली की बातमी होते, मर्यादा वाढवली की बातमी होत नाही पण लाभार्थी वाढतात, म्हणजे दरवर्षीचा खर्च वाढतो, म्हणून वित्त विभाग तिथे हात आखडता घेतो. त्यामुळे मागणी करताना नुसतं "मर्यादा वाढवा" म्हणू नका, आपल्या तालुक्यात किती अर्ज फक्त उत्पन्नाच्या अटीवर नामंजूर झाले तो आकडा माहिती अधिकारात काढा आणि सोबत जोडा.

पैसा: लेखाशीर्ष विचारा

सरकारच्या प्रत्येक खर्चाला एक सांकेतिक नंबर असतो, तो लेखाशीर्ष. घोषणेला लेखाशीर्ष मिळालं आणि त्यात तरतूद झाली तर योजना उभी राहिली समजा. वर्षाच्या मधेच योजना आणली तर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतरच्या जादा पैशाच्या मागण्या, येतात, पावसाळी अधिवेशनात मुंबईला आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरला. लाडकी बहीणला २०२४ च्या भाषणात वर्षाला ४६,००० कोटी सांगितले होते, २०२५-२६ च्या बजेटमध्ये ३६,००० कोटी ठेवले. दोन आकडे शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. आणि पैसा आला कुठून हेही बघा, २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचा निधी या योजनेकडे वळवला तेव्हा सरकारमधूनच जाहीर नाराजी व्यक्त झाली. अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनेचा पैसा मोठ्या भांडणांनंतर वेगळा ठेवायला लागलेला पैसा आहे, तो कुठल्या लेखाशीर्षात गेला हे विचारायचा हक्क आपला आहे.

तरतूद झाली म्हणजे एप्रिललाच सगळा पैसा खाली येतो असंही नाही, तो टप्प्याटप्प्याने बीडीएसवर येतो, ती निधी वाटपाची ऑनलाईन सिस्टीम. मग बिल तयार होतं, कोषागारात जातं, मग खात्यावर.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचे चार महिने पैसे नव्हते. एका कार्यालयात दरवेळी उत्तर एकच, निधी नाही. मी सोबत गेले आणि विचारलं, भाऊ, बीडीएसवर निधीच आला नाही, का आलाय पण बिल गेलं नाही, का बिल गेलंय पण खातं नाकारलं? ते थोडे थांबले, मग यादी उघडली. बिल गेलं होतं, बाकी सगळ्यांचे जमा होते, मावशींचं आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं, जे त्यांनी कधीकाळी गॅसच्या सबसिडीसाठी काढलं होतं आणि विसरून गेल्या होत्या. पैसे त्या खात्यात पडून होते, सगळे सहा हजार. चार महिने मावशी उधारीवर किराणा आणत होत्या. मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही, त्यांच्याकडे हजारो नावं आणि हाताखाली एक ऑपरेटर. पण प्रश्न नेमका विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

कुठे आणि कधी बोलायचं

योजना ठरायच्या आधी बोललेलं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. बजेट सहसा मार्चमध्ये मांडलं जातं (२०२४ ला ते निवडणुकीमुळे जूनमध्ये मांडलं होतं) पण विभागांची आकडेमोड त्याच्या बरीच आधी सुरू होते, म्हणून विभागाच्या सचिवांना आणि मंत्र्यांना निवेदन दिवाळीच्या आसपास द्या, फेब्रुवारीत देऊन फारसा फरक पडत नाही. कायद्याखालचे नियम बनताना राजपत्रात मसुदा येतो आणि हरकती व सूचना मागवतात, तेव्हा एक पान का होईना पाठवा, दिनांकासह, पोच घेऊन.

आमदारांकडे गेलात तर "आमच्याकडे लक्ष द्या" म्हणून परत येऊ नका. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नाचा, मसुदाच लिहून न्या, चार ओळींचा, अमुक योजनेत अमुक तालुक्यात किती अर्ज प्रलंबित, किती दिवसांपासून, कारण काय. प्रश्न लागला की माहिती खालपासून वर मागवली जाते आणि त्या आठवड्यात पडून राहिलेले अर्ज कसे हलतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. अधिवेशनाच्या बरेच आधी द्या मात्र, प्रश्न स्वीकारायची मुदत असते. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा नियोजन समिती आहे, पालकमंत्री अध्यक्ष, अंगणवाडीची इमारत, दवाखान्याची दुरुस्ती असले विषय तिथे न्यायचे, मुंबईला जायची गरज नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयाचा आणि १५० शब्दांत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा ऑनलाईन. "का" विचारू नका, कागद मागा: अमुक प्रकरण क्रमांकाच्या नस्तीतल्या (म्हणजे फाईलीतल्या) टिप्पणीच्या प्रती, अमुक महिन्याची नामंजूर यादी कारणांसह. मंत्रिमंडळाचे कागद निर्णय होईपर्यंत मिळत नाहीत, पण निर्णय होऊन विषय संपला की कारणं आणि त्यामागची सामग्री उघड करायची असं कायद्यातच आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, ते टाकायला कंटाळू नका.

दाखल्यांसाठी मात्र माहिती अधिकार नको, तिथे लोकसेवा हक्क कायदा वापरा, २०१५ चा. अर्ज दिला की पोच मागायची, त्यावर दाखला किती दिवसांत मिळणार ती तारीख असते. तारीख उलटली की त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग, आणि विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर यातलं काहीच करता येत नाही. "नंतर या, सर्व्हर डाऊन आहे" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, पण तोंडी अर्ज करून घरी येऊ नका.

माझ्या पिशवीत एक साधी शंभर पानी वही असते, प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव आणि योजना, खाली जीआरची तारीख, प्रकरण क्रमांक, अर्जाचा पोच नंबर, आधार कुठल्या बँकेला जोडलंय, आणि दरवेळी कोण भेटलं, काय म्हटलं, कुठल्या तारखेला. नव्याने काम करू लागलेल्या मुलींना मी ही वही पहिल्याच दिवशी घ्यायला लावते, बँकेचा रकाना आधी भरायचा, बाकीचे नंतर.